घळ काही आरूताईची नव्हती

ज्या घळीबद्दल मी लिहिणार आहे तिचं नाव मी सांगणार नाही. नाव छापलं की लोक ते फोनवर टाकतात आणि पुढच्या शनिवारी तिथे गाड्यांची रांग लागते. अॅरिझोनात आहे, एवढं पुरे. दोन्ही बाजूंना काळपट कातळ, आणि त्यावर फार जुन्या लोकांनी दगडाने टोचून टोचून काढलेली चित्रं. गरगरत आत जाणारी वर्तुळं, मोठ्या शिंगांच्या मेंढ्या, हात वर करून उभी असलेली माणसं. कोकणातल्या सड्यावरची कातळशिल्पं पायाखाली असतात, इथली उभ्या भिंतीवर आहेत. वर्षातला बहुतेक काळ घळ ठणठणीत कोरडी. हिवाळ्यात सलग पाऊस झाला किंवा उन्हाळ्याच्या शेवटी वादळ फुटलं, की वरच्या टोकाला धबधबा येतो आणि थोड्या दिवसांत निघूनही जातो.

ही घळ वाचली. ती आरूताईने वाचवली असं आमच्या गावात सगळे म्हणतात. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत म्हणतात, भाजीच्या दुकानात म्हणतात, माझ्या तोंडावर म्हणतात. ते सगळंच खरं नाही. पत्रकं मी लिहिली. ती छापली मी, वाटली मी, रणरणत्या उन्हात पायवाटेच्या तोंडाशी टेबल मांडून उभी राहिले मी. तरी आरूताईबद्दल कोणीतरी नीट लिहायला हवं, आणि इतर जे लिहितील ते साखरेत घोळून लिहितील. म्हणून मीच लिहिते.

आरूताई म्हणजे डॉक्टर अरुंधती. दातांची डॉक्टर. जन्म मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीचा, आईवडील पुण्याचे. पन्नाशी ओलांडलेली, बुटकी, केस पुरुषी कापलेले, नाकावर सदैव सनस्क्रीनचा पांढरा पट्टा. बायका नटतात तशी ती न नटून लक्षात राहायची. श्रूजबरीतली चांगली चाललेली प्रॅक्टिस सोडून ती या वाळवंटी गावात आली, कारण एकदा कुठल्याशा परिषदेला आली असताना तिने ही घळ पाहिली. माणसं नवऱ्यासाठी गाव सोडतात, नोकरीसाठी सोडतात. हिने एका भेगेसाठी सोडलं. त्यानंतर दर रविवारी ती तिथे जायची. लग्न केलं नाही, कुत्रं पाळलं नाही, बागेत झाड लावलं नाही. तिचं जे काही होतं ते रविवारी होतं.

तिचं मराठी ऐकण्यासारखं होतं. ते तिला फक्त आईकडून मिळालं होतं, आणि आईने ते स्वयंपाकघरात, घाईत दिलं होतं. त्यामुळे आरूताईला मराठीत हुकूमच तेवढे सफाईने करता यायचे. ऊठ. बस. गप्प. सांडू नकोस. हात धू आधी. प्रेम, राजकारण, हवापाणी हे सगळं इंग्रजीत, आणि मधेच एकदम चमचा आपटल्यासारखं मराठी. ‘तुम्ही’ हा शब्दच तिच्याकडे नव्हता. ऐंशी वर्षांच्या आजोबांनाही ती “तोंड उघड” म्हणायची आणि ते उघडायचे.

आमची पहिली भेट माझ्या टेबलापाशी झाली. मी तेव्हा युनिव्हर्सिटीत पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला होते. नागपूरला कॉलेजात असल्यापासून मोर्चे, पत्रकं, भिंतीवरच्या घोषणा हे माझ्या अंगात मुरलेलं. एका रिसॉर्ट कंपनीने काउंटीकडे, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या कारभाऱ्यांकडे, अर्ज केलाय हे मला कळलं होतं. घळीत थेट धबधब्यापर्यंत डांबरी वाट, तोंडाशी मोठं पार्किंग, वरून लोखंडी दोरावर लोंबकळत जायचा खेळ, आणि रात्री चित्रांवर रंगीत दिवे. मी पत्रक काढलं होतं. मथळा होता, ‘तुमच्या आजीच्या थडग्यावर दिवे लावाल का?’ माणसं ते घेत होती, दोन पावलांवर गेल्यावर घडी घालत होती आणि गाडीच्या दारात खोचत होती.

ती आली, उभ्या उभ्या पूर्ण वाचलं, आणि मला म्हणाली, “Too many exclamation points. आणि तू दात खातेस झोपेत. Jaw बघ.” मग हातात पकडून आणलेल्या चिमट्याने माझ्या टेबलाखालचं सिगारेटचं थोटूक उचललं आणि चालू लागली. चिमटा दवाखान्यातला, जुना झालेला. त्याने ती घळीच्या फटीफटींतून चॉकलेटचे कागद आणि काचा काढायची. त्या दिवसापासून मी तिच्या तोंडी ‘पॅम्फ्लेट’ झाले. “ए पॅम्फ्लेट, पाणी पी.” माझं खरं नाव तिला येत नव्हतं असं नाही.

आता मत्सराचं सांगते, कारण ते लपवून हे चित्र पुरं होणार नाही. माझी दाढ दुखायला लागली म्हणून मी तिच्या दवाखान्यात गेले. खुर्ची आडवी केली, तोंडात कापूस, नळी, आरसा. आणि आरूताई बोलायला लागली. घळीबद्दल. मागच्या रविवारी पाणी कसं होतं, सकाळी अमुक वाजता ऊन कसं तिरकं पडतं आणि कालपर्यंत नसलेली मेंढी भिंतीवर कशी उगवते, दिवे लावले तर ती तिरीप कशी मरेल. मधे मधे प्रश्न विचारायची आणि उत्तरं स्वतःच द्यायची. “तुला वाटतं ना तसं? Of course वाटतं.” मी “आँ” करत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं. या गावातला प्रत्येक माणूस, काउंटीचे साहेब, शेरीफ, शाळेच्या मास्तरणी, गुरं पाळणारे, सगळे वर्षातून दोनदा या खुर्चीत आडवे होऊन, तोंड उघडं ठेवून, हे ऐकत होते. कोणाला मधे बोलता येत नव्हतं. कोणाला घडी घालून दारात खोचता येत नव्हतं. मी उन्हात घसा फोडत होते आणि हिला एसीत, बधिर केलेला श्रोता मिळत होता. माझी दाढ बरी झाली, पण त्या दुपारी मी घरी गेले ती धुमसत गेले.

गावातली माणसं तिला दातांवरूनच ओळखीची. नाव सांगायची नाही, दात सांगायची. काउंटीच्या बोर्डाचा अध्यक्ष म्हणजे तिच्या लेखी ‘नाइट गार्ड’. रात्री दात खातो म्हणून त्याला तिने झोपताना दातांवर घालायचं रबरी कवच करून दिलं होतं, तसंच पुढे मलाही दिलं. “जो दात खातो तो ऐकतो,” ती म्हणायची. “हसून दाखवणारे ऐकत नाहीत.” रिसॉर्ट कंपनीचा माणूस फार छान हसायचा. मी म्हणायचे, हे काय शास्त्र आहे? ती म्हणायची, “नाही. Practice आहे.”

घळीत मात्र ती वेगळीच. वाटेत एक मोठा धोंडा आहे, तो ओलांडला की तिचं बोलणं बंद. फोटो काढायची नाही. चित्रं कुठे आहेत ते कोणाला दाखवायची नाही. मंडळाची पोरं तिच्याबरोबर जायची, जन्मापासून इंग्रजीत बोलणारी, अधीर. Where are they, where are they, असं विचारून भंडावून सोडायची. ती भिंतीसमोर एखाद्या दगडावर टेकायची आणि एकच शब्द: “बस.” पोरं बसायची. सूर्य सरकायचा. मग एखादी मुलगी हळूच आईचा हात धरायची, कारण तिला दिसलेलं असायचं. नियम असा की ज्याला दिसलं त्याने बोट दाखवायचं नाही, दुसऱ्याचं दिसणं चोरायचं नाही. मी पाहिलंय, व्हिडिओ गेमशिवाय जेवत नाहीत अशी मुलं त्या भिंतीसमोर तासभर बसलेली. मी त्यांच्यासाठी खास सोप्या इंग्रजीत, चित्रं घालून पत्रक केलं होतं. त्याची त्यांनी विमानं केली.

मग कुंकवाचं प्रकरण झालं.

त्या हिवाळ्यात पाऊस चांगला झाला होता आणि धबधबा आला होता. मंडळाची सहल निघाली. त्यात देशमुखकाकू होत्या. मुलगा इथे सॉफ्टवेअरमध्ये, त्या अकोल्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या. गुडघे दुखत असतानाही काठी टेकत वरपर्यंत आल्या. आरूताई त्या दिवशी नव्हती, कोणाचा तरी दात मोडला म्हणून दवाखान्यात अडकली होती. काकूंनी धबधबा पाहिला आणि आपल्याकडे नव्या पाण्याला करतात तसं केलं. पर्समधून करंडा काढला आणि पाण्याला हळदकुंकू वाहिलं. इथवर ठीक. पण पाण्याच्या शेजारच्याच कातळावर हात वर केलेली एक आकृती आहे, माणसाच्या उंचीची. काकूंनी दोन बोटांनी तिच्या कपाळाला हळदकुंकू लावलं आणि नमस्कार केला. मंडळातल्या कोणीतरी त्याचा फोटो काढून, फुलांची चिन्हं टाकून, फेसबुकवर चढवला.

मी पेटले. कोणी म्हणेल म्हातारी बाई, श्रद्धा, जाऊ दे. का जाऊ दे? दुसऱ्याच्या देवघरात शिरून आपला शिक्का मारायचा आणि त्याला श्रद्धा म्हणायचं? हजारो वर्षं ऊनपाऊस सोसलेल्या रेषेवर चुना घातलेलं कुंकू? मी निवेदन लिहिलं. मंडळाने जाहीर माफी मागावी, काकूंचं नाव घेऊन निषेध करावा, पुढच्या सहली बंद. आजही त्यातला एक शब्द मी बदलणार नाही.

आरूताईने ते वाचलं. “सगळं correct आहे,” म्हणाली. “पाठवू नकोस.”

मी विचारलं, का. तर म्हणे, “तू तिला ओरडशील, ती रडेल, तू जिंकशील. Rock ला काय मिळालं?”

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर कातळापाशी आली. माझ्या पिशवीत ब्रश होता, पाण्याची बाटली होती. तिने ती पिशवीच माझ्याकडून काढून घेतली. घासलं की रंग आत जातो, ती म्हणाली, हे काम शिकलेल्या माणसाचं आहे आणि परवानगी आपली नाहीच. मग तिने व्हर्ननना फोन लावला. ज्या लोकांच्या पूर्वजांनी ही चित्रं काढली त्यांच्यातले हे एक वयस्कर गृहस्थ. आयुष्यभर शाळेची बस चालवली, आता त्यांच्या जमातीच्या वतीने अशा जागांचं बघतात. त्यांच्याशी दोन वाक्यं बोलायला मिळावीत म्हणून मी वर्षभर इमेल पाठवत होते. एकाचं उत्तर आलं होतं, ‘मिळालं’ एवढंच. आणि आरूताई फोनवर त्यांना विचारत होती की दाढेवरचा क्राउन हलतोय का अजून.

शनिवारी व्हर्नन आले. आरूताई देशमुखकाकूंनाही घेऊन आली. मला वाटलं होतं काकू मुलाच्या मागे लपतील, पण त्या स्वतः पुढे झाल्या. व्हर्नन आकृतीसमोर बराच वेळ उभे राहिले. मग वळून विचारलं, का केलं तसं.

काकूंनी मराठीत सांगितलं. “पाणी आलं होतं बाबा. आणि ही बाई एकटी, मोकळ्या कपाळानं उभी. मी म्हटलं, हिच्या दारात आले, पाणी पाह्यलं, आता तशीच कशी निघून जाऊ? हिचं घर आहे ना हे. मले काय माहीत तुमच्यात चालत नाही. चुकलं माझं.”

आरूताईने इंग्रजी केलं, अडखळत, कारण यात हुकूम नव्हता एकही.

व्हर्नन म्हणाले, इथे खूप लोक येतात, फोटो काढतात, जातात. घरात कोणीतरी आहे असं समजून आलेली ही पहिलीच. मग काकूंकडे बघून म्हणाले, “पण पुन्हा हात लावू नका.” काकूंनी कानाची पाळी धरली. तो हावभाव त्यांना कळला असावा, कारण ते हसले.

मी तिथेच उभी होते. व्हर्ननचं ते वाक्य माझ्या सगळ्या पत्रकांत मिळून नव्हतं. ते मिळालं कोणाला, तर जिने भिंत खराब केली तिला. मी चिडले होते, आणि कशावर ते धड सांगताही येत नव्हतं.

बोर्डाची सुनावणी वसंताच्या सुरुवातीला होती. हॉल भरलेला. कंपनीच्या छान हसणाऱ्या माणसाने पडद्यावर पहिलंच चित्र काय टाकलं, तर कुंकू लावलेली ती आकृती. पाहा, म्हणाला, देखरेख नसली की असं होतं. आम्हाला वाट करू द्या, कठडा घालू द्या, दिवे लावू द्या, आम्ही जपू. हॉलमध्ये कुजबुज झाली आणि माना आमच्या मराठी लोकांकडे वळल्या.

मग माझं नाव पुकारलं. प्रत्येकाला तीन मिनिटं. मी चांगली बोलले. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, माझे मुद्दे पक्के होते. वसाहतवाद, खासगीकरण, पाण्याची वाट अडणं. बोर्डाचे पाच जण समोरचे कागद चाळत होते. घंटी वाजली तेव्हा माझं अर्धं राहिलं होतं.

माझ्यानंतर आरूताई. ती एकटी नव्हती. देशमुखकाकूंना धरून तिने माइकपाशी आणलं आणि म्हणाली, माझी तीन मिनिटं हिला द्या, मी इंग्रजी करते. आणि काकूंकडे वळून: “बोल.”

काकू बोलल्या. फोटोतलं कुंकू माझं, म्हणाल्या. मग कंपनीच्या माणसाकडे हात केला. “हा दादा म्हणतो वाट करतो. मी गुडघे धरून, बसत उठत, कशीबशी वर गेले. माझ्यासारख्या चार जणी गेल्या असतील साऱ्या वर्षात. तरी मी चूक केलीच. तुम्ही वाट करा, माझ्यासारख्या बसमधून येतील, रोज येतील. मग एकेकीचा हात कोण धरणार? दिव्याच्या उजेडात तर अजूनच देवी दिसेल ती.”

आरूताईने ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. कागद चाळायचे थांबले. अध्यक्षाने, म्हणजे त्या नाइट गार्डने, जबडा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे हलवला.

हा माझा मुद्दा होता. वाट सोपी केली की नासधूस वाढते, हे माझ्या पत्रकात मागच्या पानावर ठळक अक्षरात छापलेलं आहे. कोणीही तपासावं.

मग आरूताई स्वतः बोलली, तिला कोणी सांगितलं नव्हतं तरी. अर्ज फेटाळून थांबू नका, म्हणाली. धोंड्याच्या वरची घळ बंद करा. व्हर्ननच्या लोकांशिवाय कोणीही नको.

अध्यक्षाने विचारलं, “कोणीही म्हणजे, तुम्हीसुद्धा नाही, डॉक्टर?”

“मीसुद्धा नाही,” ती म्हणाली. “माझे पण पाय पायच आहेत.”

मी तिच्या बाजूलाच बसले होते आणि तिची बाही ओढली. आपण लोकांना चालत जायचा हक्क मिळावा म्हणून लढत होतो, आणि ही बाई मला न विचारता तो देऊन टाकत होती. स्वतःचा तर टाकलाच, माझाही टाकला. तिने बाही सोडवून घेतली. व्हर्नन मागच्या रांगेत मान खाली घालून बसले होते. त्यांनी ती वर केली नाही, पण मला दिसलं की त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

तीन विरुद्ध दोन मतांनी अर्ज पडला. आरूताईने मागितलेली बंदीही मान्य झाली, ती पुढच्या मार्चपासून लागू झाली. लोकांनी आरूताईला घेरलं, मंडळाने तिला शाल दिली. ती तिने लगेच काकूंच्या खांद्यावर टाकली. मला कोणीतरी विचारलं की बाहेरच्या खुर्च्या उचलायला थांबशील का.

बंदीआधीच्या शेवटच्या रविवारी पाऊस होता, हिवाळ्यातला बारीक, न थांबणारा. मी जायचं ठरवलंच होतं. हक्काचा शेवटचा दिवस मी का सोडू? घळीच्या तोंडाशी पोचले तर तिची जुनी निळी गाडी उभी. मला वाटलं वर गेली असेल. नाही, आतच होती, काच थोडी खाली करून. मी विचारलं, येतेस ना? पाणी आलंय, आवाज इथवर येतोय.

“ऐकतेय,” ती म्हणाली.

मी म्हटलं, आरूताई, आज चालतं. कायद्याने चालतं.

“मी तिथे बोर्डात सांगितलं तेव्हाच माझं संपलं,” ती म्हणाली. “तू जा. सांभाळून. घसरू नकोस.” नेहमीचे हुकूम, पण आवाज मऊ होता. नाकावर पांढरा पट्टा नव्हता.

मी गेले. धबधबा पाहिला. काकूंचं कुंकू शिकलेल्या माणसांनी काढलं होतं, तरी कुठे होतं ते मला ओळखता आलं. पावसात भिजल्यामुळे कातळ काळाभोर झाला होता आणि चित्रं कधी नव्हती इतकी स्वच्छ दिसत होती. मी किती वेळ बसले माहीत नाही. मला आनंद व्हायला हवा होता. मी सारखी विचार करत होते की ती खाली गाडीत बसली आहे आणि तरी हे माझ्यापेक्षा तिचंच जास्त आहे. हे बरोबर नाही. घळ काही तिची नव्हती. ती कधी तसं म्हणालीही नाही, आणि माझी आहे असं मनातल्या मनात मी मात्र रोज म्हणत होते.

पुढे तिने प्रॅक्टिस विकली आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला, अल्फारेटाला, भावाजवळ राहायला गेली. तिथून कधी कधी मेसेज येतो, “night guard घालतेस ना?” मी उत्तर देते, घालते. पण मी तिला शेवटचं पाहिलं असं म्हणायचं तर त्या रविवारीच, आणि तेही ती गेल्यावर. खाली उतरले तेव्हा तिची गाडी नव्हती. ओल्या खडीत, जिथे ती गाडी पाऊस लागायच्या आधीपासून उभी होती, तिथे गाडीच्या आकाराचा कोरडा चौकोन उरला होता. नुकतीच निघाली असणार. माझ्या डोळ्यांसमोर त्यावर थेंब पडत गेले, आधी इथे, मग तिथे, आणि मी चौकोन पुरा भिजून बाकीच्या जमिनीसारखा होईपर्यंत पावसात उभी राहिले.